प्वेर्तो मोंतचा एक दिवस: अलेर्सेचे प्राचीन जंगल आणि जर्मन स्थलांतरितांचे गाव, क्रूझवरून उतरणाऱ्या नवख्या प्रवाशांसाठी

दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालणारी जहाजे सहसा चिलीतील वाल्पाराइसो किंवा सान आंतोनियो या बंदरांतून निघून अर्जेंटिनातील ब्वेनोस आइरेसला पोहोचतात, किंवा नेमका याच्या उलट प्रवास करतात. या प्रवासाबद्दल बोलताना हिमनद्या, केप हॉर्न आणि पेंग्विन यांचीच चर्चा होते. त्यामुळे प्वेर्तो मोंत हा एका दिवसाचा थांबा कार्यक्रमात असूनही अनेकांच्या तयारीतून निसटतो. मला मात्र तो साऱ्या प्रवासातला सर्वांत अर्थपूर्ण थांबा वाटतो. हजारो वर्षे जगणाऱ्या अलेर्से वृक्षांचे जंगल आणि एकोणिसाव्या शतकात जर्मन भाषक स्थलांतरितांनी यांकीवे सरोवराच्या काठी वसवलेली गावे, या दोन्ही गोष्टी येथे एकाच दिवसात पाहता येतात. सहली विकणारे त्या बहुतेक वेळा वेगवेगळ्या विकतात. त्या एकत्र पाहाव्यात आणि शक्यतो जंगल आधी, गाव नंतर अशा क्रमाने पाहाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यामागचे कारण समजले की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप जुळत जातात, म्हणून आधी ते सांगतो.

जंगल आणि गाव एकत्र का पाहायचे

अलेर्से हा सूचिपर्णी वृक्ष फक्त दक्षिण चिलीत आणि लगतच्या अर्जेंटिनात वाढतो. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ लार्च असा आहे. आलेल्या स्पॅनिश लोकांनी आपल्याकडच्या ओळखीच्या झाडाचे नाव या अनोळखी झाडाला दिले. त्यामुळे मोबाइलवरचे भाषांतर ‘लार्च’ असे दाखवू लागले तर गोंधळून जाऊ नये. हे झाड वेगळे आहे. त्याचे शास्त्रीय नाव फित्झरोया असून ते ‘बीगल’ जहाजाचे कप्तान रॉबर्ट फित्झरॉय यांच्यावरून ठेवले गेले. खोडाचा व्यास वर्षाला जेमतेम एखाद्या मिलिमीटरने वाढतो, आणि तरीही पूर्ण वाढलेले झाड चाळीस मीटरच्या वर जाते, यावरूनच त्याच्या वयाची कल्पना यावी. १९९३ मध्ये शास्त्रज्ञांनी एका अलेर्सेची वाढवलये मोजली तेव्हा ती ३,६२२ भरली. वलये मोजून निश्चित केलेल्या वयांमध्ये याहून जास्त वयाची झाडे जगात फारच थोडी आहेत.

या झाडाचे लाकूड तांबूस, हलके आणि सरळ रेषांचे असते. कुऱ्हाडीचा घाव नेमका बसला की त्याच्या पातळ फळ्या अलगद सुटतात, आणि त्या फळ्या पावसात वर्षानुवर्षे कुजत नाहीत. जिथे बाराही महिने पाऊस पडतो, तिथे अशा लाकडाचे मोल सोन्यासारखे होते. वसाहतकाळात शेजारच्या चिलोए बेटांवर नाण्यांचा तुटवडा असल्यामुळे अलेर्सेच्या फळ्या चक्क चलन म्हणून वापरल्या जात. सालीचा तंतुमय थर होड्यांच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला कामी येई. याच लाकडापासून घरांच्या भिंतींवर आणि छपरांवर बसवायचे, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक चढणारे तुकडे बनवत; त्यांना तिकडे तेखुएला म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा, कारण दिवसभर तो आपल्याला भेटत राहणार आहे.

आता गावाकडे वळू. चिली सरकारने १८४५ मध्ये कायदा करून परदेशी स्थलांतरितांना जमिनी देण्याची तरतूद केली. त्यानंतर बर्नहार्ड फिलिपी यांनी जर्मन प्रदेशांत फिरून कुटुंबे गोळा केली, आणि व्हिसेंते पेरेझ रोसालेस यांच्याकडे येथील वसाहतीची व्यवस्था सोपवण्यात आली. १८५२ च्या अखेरीस रेलोंकावी आखाताच्या काठी, तेव्हाच्या मेलिपुयी या जागी कुटुंबे येऊन उतरली, आणि १२ फेब्रुवारी १८५३ रोजी तिथेच प्वेर्तो मोंतची स्थापना झाली. शहराला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मानुएल मोंत यांचे नाव मिळाले. परंतु आखात आणि सरोवर यांच्यामध्ये घनदाट, ओले, पाऊल न टाकता येण्याजोगे जंगल होते. पेरेझ रोसालेस यांनी पिची हुआन नावाच्या स्थानिक वाटाड्याला पैसे देऊन या प्रदेशातले असे जंगल पेटवून द्यायला लावले. ती आग तीन महिने धुमसत होती, असे खुद्द पेरेझ रोसालेस यांनीच आपल्या आठवणींत नोंदवले आहे. जी शेते, कुरणे आणि टुमदार घरे आज आपण छायाचित्रांत पाहतो, त्यांतली बरीचशी जळालेल्या जंगलाच्या जागेवर उभी आहेत आणि उरलेल्या जंगलाच्या लाकडातून बांधलेली आहेत. शिवाय ही भूमी रिकामी नव्हती. हा सगळा प्रदेश मापुचे लोकांच्या वियीचे या दक्षिणी शाखेचा होता, आणि ‘सरकारी पडीक जमीन’ असा शिक्का मारून ती वाटली गेली, हेही विसरता येत नाही.

म्हणूनच नुसते गाव पाहून परतणाऱ्याला केक, फुले आणि सरोवर एवढेच दिसते, तर नुसते जंगल पाहणाऱ्याला हे जंगल एवढेच का उरले, याचे उत्तर मिळत नाही.

पहिली पायरी: कागदपत्रे आणि तारीख

या भागातील क्रूझचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असा, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्याचा असतो. भारतीय पारपत्रधारकांनी सर्वांत आधी व्हिसाकडे लक्ष द्यावे. हे जहाज चिली, अर्जेंटिना, बऱ्याचदा उरुग्वे, आणि काही वेळा ब्रिटिश ताब्यातील फॉकलंड बेटे असे फिरते. शिवाय चिलीतून बाहेर पडून ते पुन्हा चिलीत शिरू शकते. त्यामुळे जहाज कोणत्या क्रमाने कोणत्या देशाच्या बंदरात लागणार आहे, तो क्रम कागदावर लिहून काढावा आणि त्यानुसार एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरेल की अनेकदा प्रवेशाचा लागेल, हे ठरवावे. अमेरिकेचा वैध व्हिसा असणाऱ्यांना या देशांनी वेळोवेळी सवलती दिल्या आहेत, पण त्यांच्या अटी बदलत असतात. म्हणून ओळखीच्यांच्या अनुभवावर विसंबून न राहता दिल्लीतील संबंधित दूतावासाकडून आणि क्रूझ कंपनीकडून लेखी खात्री करून घ्यावी. एका बंदराचा व्हिसा नसला तर फक्त त्या बंदरात उतरता येणार नाही, एवढ्यावर भागत नाही. अनेकदा जहाजावर चढतानाच अडवले जाते.

दुसरी पायरी: कोणते जंगल, हे ठरवणे

नवखे प्रवासी इथेच चुकतात. प्वेर्तो मोंतहून विकल्या जाणाऱ्या सर्वांत लोकप्रिय सहली पेत्रोवेच्या धबधब्यांना जातात. ते ठिकाण १९२६ मध्ये स्थापन झालेल्या व्हिसेंते पेरेझ रोसालेस राष्ट्रीय उद्यानात आहे आणि विलक्षण सुंदर आहे. परंतु तिथे जाऊन अलेर्सेचे जुने जंगल पाहिल्याचे समाधान मिळणार नाही. सहलीच्या माहितीत ‘राष्ट्रीय उद्यान’ एवढेच लिहिलेले असेल तर नेमके कोणते उद्यान, हे विचारून घ्यावे.

अलेर्सेसाठी दोन पर्याय व्यवहार्य आहेत. पहिला म्हणजे १९८२ मध्ये स्थापन झालेले, सुमारे ३९,००० हेक्टरांचे अलेर्से आन्दिनो राष्ट्रीय उद्यान. त्याच्या चाइका या विभागात जायचे तर शहरातून आग्नेयेकडे किनाऱ्याच्या रस्त्याने लेंका गावापर्यंत, सुमारे ३२ किलोमीटर जावे लागते, आणि तिथून डोंगराकडे कच्चा रस्ता धरावा लागतो. आत नदीच्या काठाने पायवाटा आहेत, धबधबे आहेत, आणि खरोखरच प्रचंड, वयोवृद्ध अलेर्से आहेत. दुसरा पर्याय म्हणजे विमानतळाच्या बाजूला असलेले लावेन न्यादी हे अवघ्या २०० हेक्टरांचे संरक्षित वन. न्यादी म्हणजे पाणी धरून ठेवणारी दलदलीची सपाट जमीन; त्यामुळे इथे चढ-उतार जवळजवळ नाही, वाट आखूड आहे, आणि ज्येष्ठ मंडळींनाही ती झेपते. आपल्याकडे एखाद्या गावाशेजारी चारी बाजूंनी शेते असताना मधोमध देवराई उभी असते, तशी ही राई कुरणांच्या मध्ये उभी आहे.

माझा सल्ला स्पष्ट आहे. जंगल आणि गाव दोन्ही पाहायचे असेल तर लावेन न्यादी निवडावे. चाइका आग्नेयेला आणि गावे उत्तरेला असल्यामुळे चाइकाची फेरी केल्यावर दुपार उलटते, आणि मग गावात तासाभराची धावपळ उरते. शिवाय जहाजावर परत नेणाऱ्या बोटीची धास्ती डोक्यावर राहते. ज्यांचे पाय मजबूत आहेत आणि ज्यांना जंगलाचीच ओढ आहे, त्यांनी गावाचा नाद सोडून सगळा दिवस चाइकाला द्यावा. दोन्ही दगडांवर पाय ठेवण्याचा मोह टाळावा. कोणताही पर्याय निवडला तरी ठिकाण त्या दिवशी उघडे आहे ना, याची आदल्या दिवशी खात्री करावी. आणि राष्ट्रीय उद्यानाचे तिकीट ऑनलाइन आधीच काढून ठेवावे, कारण प्रवेशद्वारावर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.

तिसरी पायरी: जहाजाची सहल की स्वतःची गाडी

जहाजावरचे लोक जिला शोअर एक्स्कर्शन म्हणतात, ती सहल जहाजाकडूनच घेतली तर एक मोठी हमी मिळते: रस्त्यात उशीर झाला तरी जहाज त्या गटासाठी थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. दुसरा फायदा असा की प्वेर्तो मोंतला मोठी जहाजे सहसा धक्क्याला लागत नाहीत. ती आखातात नांगर टाकतात आणि प्रवाशांना छोट्या टेंडर बोटींतून किनाऱ्यावर सोडतात. या बोटींत जहाजाच्या सहली घेतलेल्यांना आधी बसवले जाते.

तरीही, चार ते सहा जणांचा गट असेल तर स्थानिक वाटाड्यासह गाडी ठरवणे मला अधिक योग्य वाटते. बसमधल्या चाळीस माणसांबरोबर जंगलात शिरल्यावर तिथली शांतता अनुभवता येत नाही, आणि जंगल व गाव यांची सांगड घालणारी सहल जहाजाच्या यादीत असेलच असे नाही. गाडी ठरवताना तीन गोष्टी लेखी मागाव्यात. समुद्र खवळल्यामुळे जहाजाने बोटी सोडल्याच नाहीत तर पैसे परत मिळतील का. पहिल्या बोटीऐवजी तिसऱ्या बोटीने उतरलो तर गाडी थांबेल का. आणि शेवटच्या बोटीच्या किमान दीड तास आधी धक्क्यावर परत आणून सोडाल का. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा घुटमळला तर दुसरी गाडी पाहावी.

अगदी काटकसरीने जायचे असेल तर बसही आहे. शहराचे बस स्थानक समुद्राकाठीच आहे आणि तिथून सरोवरकाठच्या गावांकडे दिवसभर मिनीबस सुटतात. फ्रुतियारला, म्हणजे दुपारी पाहायच्या सरोवरकाठच्या गावाला, बसने जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की गावाचे दोन भाग आहेत: महामार्गाजवळचे वरचे फ्रुतियार आणि सरोवराकाठचे खालचे फ्रुतियार. पाहायचे सगळे खालच्या भागात आहे, आणि वर उतरलेल्यांना खाली जायला पुन्हा वाहन करावे लागते. लावेन न्यादीला मात्र बसने जाण्याचा प्रयत्न एका दिवसाच्या पाहुण्याने करू नये.

चौथी पायरी: अंगावर काय, पिशवीत काय

उन्हाळा म्हटले म्हणून सुती कपड्यांवर निघू नये. दुपारचे तापमान वीस अंशांच्या आसपास घुटमळते, आणि पाऊस कधीही येतो. तो आपल्या आषाढातल्यासारखा कोसळत नाही, पण रिमझिम चिकाटीने चालू राहते आणि झाडांवरून थेंब गळत राहतात. वाट अरुंद असल्यामुळे छत्री अडचणीची ठरते. टोपी असलेले जलरोधक जाकीट उत्तम. आत एक पातळ लोकरी थर असावा. बुटांच्या तळव्याला खाचा असाव्यात, कारण ओल्या लाकडी फळ्यांच्या वाटेवर गुळगुळीत तळवा हमखास घसरतो.

कपड्यांचा रंगही महत्त्वाचा आहे. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर इथे ताबानो नावाच्या मोठ्या चावऱ्या माशा असतात. त्यांना गडद रंगाचे, विशेषतः काळे आणि निळे कपडे आकर्षित करतात, आणि उन्हाच्या वेळी त्या अधिक सतावतात. फिकट, मातकट किंवा पांढरट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घातले तर त्रास बराच कमी होतो. सकाळी लवकर जंगलात जावे, हे सांगण्यामागे हेही एक कारण आहे.

खाण्याच्या वस्तूंबाबत चिलीचे नियम अतिशय कडक आहेत. फळे, भाज्या, बिया, मध, मांस, दुग्धपदार्थ असे काहीही जहाजावरून किनाऱ्यावर न्यायचे नाही. जहाजाच्या न्याहारीतले एक सफरचंद पिशवीत राहून गेले तरी दंड होऊ शकतो, आणि बंदरावर वास घेणारे कुत्रे असू शकतात. आपण मराठी माणसे प्रवासात शेंगदाणे, सुकामेवा, लाडू, घरचा मसाला बाळगतो. त्या दिवशी ते सगळे खोलीतच ठेवावे. नियम जाचक वाटेल, परंतु डोंगर, वाळवंट आणि समुद्र यांनी वेढलेल्या या देशाने आपली शेती परक्या किडींपासून याच शिस्तीने जपली आहे.

पैशांबाबतची एक गोष्ट अनेकांना दचकवते. चिलीच्या पेसोचे चिन्हही डॉलरचेच असते, आणि हजाराच्या जागी स्वल्पविरामाऐवजी टिंब देतात. त्यामुळे कॉफीच्या दरपत्रकात डॉलरचे चिन्ह आणि पुढे ३.५०० असे दिसले, तर ते साडेतीन डॉलर नव्हेत आणि साडेतीन हजार डॉलरही नव्हेत. ते साडेतीन हजार पेसो आहेत. कार्ड बहुतेक ठिकाणी चालते, तरी फाटकावर आणि छोट्या दुकानांत लागतील म्हणून थोडे पेसो जवळ असावेत.

पाचवी पायरी: किनाऱ्यावर उतरणे

टेंडर बोटीचा क्रमांक घेण्यासाठी सकाळी लवकर रांगेत उभे राहावे. बोट आंखेल्मो या बाजारपेठेच्या बाजूला सोडते. मासळी, शिंपले, लोकरीचे कपडे आणि लाकडी वस्तू यांची तिथे एकच गर्दी असते. जाताना तिथे रेंगाळू नये. उरलेला वेळ परत आल्यावर घालवायला ती जागा चांगली आहे. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे, स्थानिक वेळेवर नव्हे. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, म्हणून साधे मनगटी घड्याळ या दिवशी सर्वांत भरवशाचे.

शहर पाहताना जुनी लाकडी घरे फारशी का दिसत नाहीत, असा प्रश्न पडेल. २२ मे १९६० रोजी दक्षिण चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला, उपकरणांनी नोंदवलेल्या भूकंपांतला तो आजवरचा सर्वांत मोठा. त्यात प्वेर्तो मोंतची फार मोठी हानी झाली. स्थलांतरितांच्या काळातली बांधणी पाहण्यासाठी उत्तरेकडे सरोवरावर जावे लागते, त्याचे हेही एक कारण.

सहावी पायरी: जंगलात

आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटे अलेर्से शोधू नये. आधी नजर बसू द्यावी. कोइग्वेसारखी उंच झाडे, त्यांच्या अंगावर शेवाळ, त्या शेवाळात नेचे, खाली किला नावाच्या बांबूची गच्च जाळी, ओहोळाच्या कडेला छत्रीएवढ्या पानांची नाल्का, आणि मध्येच चिल्कोची लाल-जांभळी लोंबती फुले. एखादा ठसठशीत, घुमणारा आवाज पायाजवळून येईल. तो चुकाओ पक्ष्याचा. पक्षी सहसा दिसत नाही. तो उजवीकडून ऐकू आला तर प्रवास शुभ आणि डावीकडून आला तर अशुभ, असे तिथले लोक मानतात.

मग अलेर्सेपाशी थांबावे. खोड तांबूस-तपकिरी असते आणि साल उभ्या, जाड पट्ट्यांनी सुटत असते. वर पाहिले तर एवढ्या मोठ्या झाडाच्या मानाने पाने अगदी बारीक, खवल्यांसारखी दिसतात, आणि शेंडा बऱ्याचदा वाळलेला असतो. सालीवर तळहात अलगद टेकवला तर ती लाकडासारखी कडक लागत नाही. नारळाच्या काथ्यासारखी मऊ आणि ओलसर लागते. होड्यांच्या फटी हिनेच का बुजवत असत, ते त्या क्षणी हाताला कळते. साल ओढू नये आणि सोलू नये. वाट सोडून मुळांवर चढून छायाचित्र काढू नये; ओल्या जमिनीत या झाडांची मुळे वरच्या थरातच पसरलेली असतात आणि माणसांच्या पायांनी माती दबून जाते.

जाड अलेर्सेच्या आसपास जुने बुंधे दिसतात का, ते पाहावे. कुऱ्हाडीने तोडलेले किंवा आगीने काळवंडलेले बुंधे या भागात दशकानुदशके तसेच टिकून राहतात, कारण हे लाकूड मेल्यावरही कुजत नाही. वाटाड्याला त्या बुंध्यांबद्दल आवर्जून विचारावे. चिलीने १९७६ मध्ये अलेर्सेला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला, तेव्हापासून जिवंत झाड तोडण्यावर बंदी आहे. मेलेल्या झाडाचे लाकूडही परवान्यानेच वापरता येते.

सातवी पायरी: फ्रुतियार

जंगलातून निघून उत्तरेकडचा महामार्ग धरला की वीसेक किलोमीटरवर प्वेर्तो वारास आणि साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर फ्रुतियार लागते. प्वेर्तो वारास मोठे आणि गजबजलेले आहे. १९१८ मध्ये पूर्ण झालेले तिथले लाकडी चर्च पाहण्यासारखे आहे. परंतु वेळ एकाच गावापुरता असेल तर मी फ्रुतियार निवडेन, आणि तेही जर्मन वसाहतीच्या संग्रहालयासाठी. वाटेवर अलेर्से नावाच्या वस्तीची पाटी दिसू शकते. त्या नावाची झाडे मात्र तिथे आता नाहीत.

१८५६ मध्ये वसलेल्या या गावात सरोवराकाठी घरांची एक रांग आहे, आणि पाण्यापलीकडे, ढग नसतील तर, ओसोर्नो ज्वालामुखीचे पांढरे, रेखीव शिखर दिसते. त्याची उंची २,६५२ मीटर आहे. त्याच्या उजवीकडचा ओबडधोबड डोंगर म्हणजे काल्बुको. तो २०१५ च्या एप्रिलमध्ये जागा झाला होता. शिखर दिसले नाही तर हिरमुसून जाऊ नये. पाहायचे पुष्कळ काही अलीकडच्या काठावरच आहे.

संग्रहालय उघड्या बागेत आहे आणि ते आउस्त्राल विद्यापीठ चालवते. पाण्यावर चालणारी गिरणी, लोहाराचे घर, जमीनदाराचा वाडा आणि काम्पानारिओ नावाची धान्याची गोलाकार कोठी अशा इमारती चढावर मांडलेल्या आहेत. घाई असली तरी शेवटची चुकवू नये. शंकूसारख्या छपराखाली मधोमध एक भक्कम खांब असून त्याच्याभोवती घोडे फिरवून धान्याची मळणी केली जाई. ज्याने लहानपणी खळ्यावर तिवड्याला जुंपलेली बैलांची पात फिरताना पाहिली आहे, त्याला इथे कोणी काही समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच की आपले खळे उघड्यावर असते. इथे पावसामुळे अख्खे खळेच छपराखाली घ्यावे लागले.

आता सकाळचे जंगल आठवून भिंती पाहाव्यात. तेखुएलांच्या रांगा, त्यांचा ऊन-पावसाने रुपेरी झालेला रंग आणि जिथे आडोसा आहे तिथे टिकून राहिलेली तांबूस छटा. एका घराला असे किती तुकडे लागले असतील आणि ते कोणत्या वयाच्या झाडातून निघाले असतील, याचा विचार भिंतीसमोर उभे राहूनच करावा. स्थलांतरितांचे कष्ट खरे होते. पहिल्या पिढीने चिखलात, थंडीत, कोणतीही सोय नसताना जमीन उभी केली, आणि त्याबद्दल मला आदर वाटतो. परंतु संग्रहालयात त्या कष्टांविषयी जितके ऐकायला मिळते, तितके जळालेल्या जंगलाविषयी आणि वियीचे लोकांविषयी ऐकायला मिळेलच असे नाही. वाटाड्याला ते प्रश्न विचारण्यात काही उद्धटपणा नाही. चांगला वाटाडा उलट खुलून बोलतो.

काठावरची तेआत्रो देल लागो ही सरोवरावर झेपावणारी इमारत २०१० मध्ये उघडली. गावात संगीताचा उत्सव १९६८ पासून होत आला आहे. जानेवारीच्या अखेरीस जहाज येत असेल तर दुपारचा एखादा कार्यक्रम आहे का, ते पाहून ठेवावे. त्याच दिवसांत गर्दीही जास्त असते, हेही लक्षात ठेवावे.

शाकाहारी मंडळींसाठी थोडे अधिक

जर्मन भाषेतला कुखेन हा शब्द इथल्या स्पॅनिशमध्ये पूर्ण रुळला आहे. फळांचा, दाण्यांचा किंवा सायीचा थर दिलेला हा केक दुकानादुकानांत मिळतो. संध्याकाळच्या चहाबरोबरच्या फराळाला ओन्से म्हणतात आणि त्यात कुखेनला मानाचे स्थान असते. कुखेनमध्ये अंडे बहुधा असतेच, म्हणून अंडे न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावे. अंड्याला वेवो म्हणतात.

जेवणाच्या वेळी नुसते ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाविना, असे सांगून भागत नाही. चिलीत कार्ने म्हणजे बहुतेकांच्या मनात गोमांस असते. त्यामुळे कोंबडी किंवा मासे घातलेली थाळी पूर्ण सद्भावनेने समोर येऊ शकते. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मारिस्कोस’ असे चारही शब्द म्हणावेत: मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, शिंपले-कोळंबी नको. आणखी एक सावधगिरी: मांतेका म्हणजे लोणी नव्हे, ती प्राण्यांची चरबी असते आणि काही प्रकारच्या पावांत ती घालतात, लोण्याला मांतेकिया म्हणतात. शब्द कागदावर लिहून वेटरला दाखवले तर गैरसमज टळतो.

आठवी पायरी: परतताना

फ्रुतियारहून निघण्याची वेळ शेवटच्या बोटीवरून उलट मोजत यावी. सरोवर ते बंदर हे अंतर रस्ता मोकळा असता तासाभरात होते, पण सुट्टीच्या दिवसांत शहरात शिरताना वाहने तुंबतात. बंदरावर पोहोचल्यावरही टेंडरची रांग असते, आणि दुपारनंतर वारा वाढला तर बोटी सावकाश चालतात. शेवटच्या बोटीची वाट पाहू नये. तिच्या आधीची बोट हीच आपली शेवटची बोट, असे धरून चालावे.

वेळ उरला तर आंखेल्मोच्या बाजारात लोकरीची टोपी किंवा बुरुडकाम घ्यायला हरकत नाही. अलेर्सेच्या लाकडाच्या वस्तूही तिथे कोणी दाखवेल. त्या घेऊ नयेत. वन्यजीव आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या सर्वांत कडक यादीत हा वृक्ष आहे, त्यामुळे कागदपत्रांविना तो सीमेपलीकडे नेणे बेकायदा ठरते. आणि विक्रेत्याने ‘जुन्या मेलेल्या झाडाचे आहे’ असे सांगितले तरी पुढच्या बंदरावर ते सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावरच पडते. बोटीत चढण्याआधी बुटांच्या तळव्यांना चिकटलेली माती आणि पँटला अडकलेल्या बिया झटकून टाकाव्यात, कारण फॉकलंडसारख्या पुढच्या थांब्यावर तपासणी होऊ शकते. बोटीत शक्यतो मागच्या बाकावर, उजवीकडे किंवा डावीकडे पण उघड्या बाजूला बसावे. आकाश निवळले असेल तर शहराच्या मागे दोन्ही ज्वालामुखी हळूहळू वर येताना दिसतात.